चोरून घेतलेली गोळी

सकाळची कामं उरकून ताई दुकानामागच्या खोलीत शर्टांची काजं करायला बसली होती. शिवणकामाचं हे दुकान तिच्या धाकट्या भावाचं. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा त्याच्याकडून लागलेला एचआयव्हीही तिच्यासोबत आला. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. ताईचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि गिऱ्हाइकांसमोर यायची बंदी. गोळीसुद्धा दुकानात कुणी नसेल तेव्हाच घ्यायची, असा भावाचा हुकूम होता. मग ती कधी दुपारी घेतली जाई, कधी राहूनच जाई.

त्या दिवशी दुपारी ती तपासणीसाठी उपचार केंद्रात गेली, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी तिचा अहवाल पुढे ठेवला. रक्तातले विषाणू वाढले होते.

"गोळी किती वाजता घेता?"

"कुणी बघत नसलं की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "औषध चांगलं आहे, ताई, पण त्याला चुकवाचुकवी चालत नाही. रोजची ठरलेली वेळ हवी, पोटाला नीट जेवण हवं, तपासण्या वेळेवर हव्यात. आणि हे सगळं बघणारं घरातलं एक माणूस हवं. पुढच्या वेळी कुणाला आणता?"

ताईने अहवाल पिशवीत घातला.

घरी तिने भावाला विचारलं. कापड कापता कापता तो म्हणाला, "मी तिथे येऊ? कुणी पाहिलं तर कपडे शिवायला कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"मूठ तुझी झाकली राहते रे. जीव माझा जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती पाण्याचा पेला घेऊन थेट दुकानात आली. एका शाळेच्या मुख्याध्यापिका गणवेशांचं कापड घेऊन आल्या होत्या. त्यांच्यादेखत ताईने गोळी घेतली.

"बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"जरा ताप आहे तिला," भाऊ घाईने म्हणाला.

"ताप नाही. एचआयव्ही आहे," ताई म्हणाली. "गोळी रोज घेतली की मी धडधाकट राहते. तुमच्या गणवेशांची काजं तीन वर्षं मीच करतेय. त्याने हा आजार कुणाला होत नाही."

शिकल्यासवरलेल्या त्या बाईंनी कापडाचा गठ्ठा उचलला आणि त्या निघून गेल्या.

"लावलीस वाट," भाऊ म्हणाला. "सामान बांध आजच."

"नाही बांधत. मी काही चोरी केलेली नाही."

दारात वहिनी उभी होती. ताईची भांडी आजवर तीच वेगळी घासत आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "हिला नवऱ्याने दुखणं दिलं आणि भाऊ घराबाहेर काढतोय. उद्या मला काही झालं, तर माझंही सामान बांधायला सांगाल ना?"

भाऊ मशीनकडे वळला. दुपारी तो उपाशीच मशीनवर बसून राहिला. आत दोघी शेजारी शेजारी जेवल्या.

शाळेचं काम परत आलं नाही. आणखी दोन गिऱ्हाइकंही तुटली. पण पुढच्या तपासणीला ताईसोबत वहिनी गेली.

"घरातलं माणूस कोण?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"मी. काय काय करायचं ते मला सांगा."

"आणि भाऊ?"

"ते अजून घाबरतायत," वहिनी म्हणाली. "घाबरू देत. त्यांच्यासाठी हिचा उपचार थांबणार नाही."

बाहेरच्या बाकावर तोंडाला रुमाल बांधलेली एक तरुण मुलगी उघड्या दारातून हे ऐकत होती. तीही तपासणीलाच आली होती, पण एकटीच; सोबत घरातलं कुणी नव्हतं.