आवाज न करणारा पोरगा

बाबा माजरीच्या कोळसा खाणीत नाईट शिफ्ट करतात, म्हणून दिवसा आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही, ती चमच्यानं उचलून वाफ सोडते. माझ्या रडण्यानं बाबांची झोप मोडायला लागली, तेव्हा आईबाबांनी मला चंद्रपूरच्या मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आजार दिसला म्हणून नाही, आवाज झाला म्हणून!

बाईंनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "घरात आणखी कोण?"

"हिचा मोठा भाऊ, अश्विन," बाबा कौतुकानं म्हणाले. "लय शांत पोरगा. वर्षभरापासून आवाजच नाई त्याचा. हिले सांगा, भावापासून शिक म्हणा."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "जेवतो नीट? मित्र येतात?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली.

"या किशोरवयात मन खचलं की मुलीच्या आणि मुलाच्या मेंदूत वेगवेगळं काही घडत असावं, असं संशोधनात दिसतंय," बाई म्हणाल्या. "मुलगी रडली की कळतं. मुलगा कित्येकदा नुसता गप्प होतो. त्यालाही आणा."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेरच बघत राहिले. अश्विन आणि मी एका खोलीत झोपतो, मला तरी कुठे दिसलं होतं?

घरी अश्विन बंद टीव्हीसमोर बसला होता. बाबांनी टीव्ही लावला, आवाज मोठा केला. "बोल न बेटा काही. मी नाई झोपत आज."

अश्विननं घाईघाईनं उठून आवाज बंद केला.

"तुम्ही झोपा, बाबा," तो कुजबुजला. "मी आवाज नाई करत."