हातात दिलेला चाकू

“मागल्या बाजाराला कोल्हा हुता. आज लांडगा झाला. पुढल्या बाजारापातूर वाघ व्हईल,” आक्का म्हणाल्या आणि पेरूची फोड तोंडात घोळवत माझ्याकडं बघत राहिल्या.

मी माझ्या चाकूची गोष्ट सांगत होते. लांडगा नुकताच रंगात आला होता. माझ्या चाकूचं पातं ज्या लोखंडाचं, ते लोखंड त्या लांडग्यानं गिळलं होतं आणि चाकू घडवणारा घिसाडी त्याच्यामागं थेट भीमेच्या काठापर्यंत पळाला होता. चाकू मी काष्टीच्या बाजारात, घिसाड्याच्या पालापुढं घासाघीस करून घेतला हे सगळ्या आळीला माहीत. पण नुसता बाजारातनं आणलेला चाकू किती दिवस पुरणार? त्याला वर थोडा मसाला लागतो.

आक्का म्हणजे गोजरबाई, माझी थोरली जाऊ. आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ. वाटण्या करून, भिंत घालून, मग एकामागोमाग गेले. भिंत एक, चुली दोन. कोंबडीवरनं भांडलो, पाटाच्या पाण्यावरनं भांडलो, काहीच नसलं तर कुणाची भाकरी जास्त फुगते यावरनं. पण भांडतानासुद्धा मी त्यांना ‘तुमी’च म्हणायचे. थोरलीचा मान तो थोरलीचा.

चाकू तसा काही मोठा नव्हता. बाभळीची मूठ, बोटाएवढं पातं, नखानं उघडायला एक खाच. मिटला की टक्‌ करून वाजायचा. तो आवाज मला इतका आवडायचा की काही कापायचं नसलं तरी मी उघडमीट करत बसायचे. धोंड्यावर धार लावायची, करडईच्या तेलाचं बोट फिरवायचं, कनवटीला खोचायचा. जन्मभर मी विळीपुढं बसले. विळीपुढं बाईच वाकते. मान खाली, गुडघा वर आणि चिरलेलं सगळं दुसऱ्याच्या ताटात. मग दात गेले आणि पेरू बघूनच गिळायची वेळ आली. बाजारात मी चाकू हातात घेतला तसा शेजारचा एक बाप्या म्हणाला, “म्हातारे, तुला कशाला? ती बाप्यांची चीज हाय.”

“बाप्यांचे दात हायेत अजून,” मी म्हटलं. “माझे गेलेत.”

तेव्हापासनं निंबाखालच्या ओट्यावर, पाठ भिंतीला टेकून, ताठ बसायचं. फळ हातात फिरवायचं, कागदासारखी फोड काढायची आणि पात्यावरनंच तोंडात घालायची. ती गिळल्यावर पुढची. वाढायचं कुणाला नाही, पुरवायचं कुणाला नाही. आक्का पहिले काही दिवस आपल्या दारातनं तिरक्या बघत होत्या. मग एकदा येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “बघू.”

मी चाकू मिटला आणि मधे ओट्यावर ठेवला. त्यांनी उचलला. चाकू, मीठ, मिरची कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण लागतं. खाली ठेवायची, ज्याच्यासाठी ठेवली त्यानंच उचलायची. आम्हाला भांडायला चाकूची गरज कधी पडली नव्हती, पण ही रीत दोघींनी पाळली. बोलणं बंद असलं तरी आक्का भिंतीवर थाप मारायच्या, मी चाकू ओट्यावर ठेवायचे आणि तोंड फिरवून उभी राहायचे.

मग दुष्काळ पडला. आक्कांचा लेक मच्छिंद्र आणि त्याची बायको बनू खडी फोडायला जायला लागले. त्याच उन्हाळ्यात आक्कांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात लुळा झाला, तोंड जरासं ओढलं. श्रीगोंद्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, जीभ शाबूत आहे, बोलायला लागल्या तर बोलतील, त्यांना बोलतं करा.

आक्का बोलेनात. पाणी पाहिजे असलं तर पेल्याकडं बघायच्या. मच्छिंद्र कामावरनं आला की बाजेशी बसायचा, आई काहीतरी बोल, शिवी दे, म्हणायचा. एकदा मला बाहेर ओट्यावर गाठून म्हणाला, “काकी, तुमीच करा कायतरी. ती बोलली तर तुमच्याशीच बोलंल.”

मी काय करणार? मला एकच विद्या येते. मी रोज बाजेशी बसून चाकूची गोष्ट सांगायला लागले. लांडग्याचा वाघ केला. वाघाच्या पोटातनं हत्ती काढला. घिसाड्याला हत्तीवर बसवून नगरच्या किल्ल्याच्या भिंतीवरनं उडी मारायला लावली, आणि मधे थांबले. आता म्हणतील, हत्ती कुठं उडी मारतो का गं. आक्का आढ्याकडं बघत राहिल्या. खोटं धरणारं माणूस नसलं की खोट्याला चव राहत नाही. माझी मलाच गोष्ट अळणी लागायला लागली.

एका बाजाराला पेरू मिळाला. त्या साली पेरू म्हणजे नवल. बनूचं अंग कसकसत होतं म्हणून ती घरीच होती. मी बाजेशी बसून पातळ फोडी काढल्या, आक्कांना भरवल्या. शेवटची फोड मी खाल्ली. चाकू पदराला पुसला, मिटला, टक्‌ वाजला. त्या आवाजाला आक्कांची मान वळली.

मी त्यांचा डावा हात ओढला, बोटं उघडली आणि चाकू तळहातावर ठेवला.

“आवं काकी, हातात न्हाई द्यायचं,” बनू चुलीपासनं म्हणाली.

“ठावं हाय मला,” मी म्हटलं. “घ्या आक्का. हातात दिलाय. भांडा आता.”

आक्कांनी चाकूकडं बघितलं. अंगठा खाचेवरनं फिरवला. ओठ हलले. मी कान दिला, मनात उत्तरंही जुळवली. कोंबडीपासनं भाकरीपर्यंत सगळी तयार होती.

आक्का कुशीवर वळल्या. हळूहळू हात बाजेखाली सोडला, जमिनीला टेकला आणि चाकू भुईवर ठेवला. आवाजसुद्धा केला नाही. मग एका बोटानं तो माझ्याकडं सरकवला आणि माझ्याकडं बघितलं.

माझी उत्तरं तशीच राहिली.

संध्याकाळी मच्छिंद्र आला. केसांवर, भुवयांवर खडीची धूळ. त्यानं रोजच्यासारखं, ‘बोलली का?’ म्हणून माझ्याकडं बघितलं.

“बोलली म्हंजे?” मी म्हटलं. “माझ्या माह्येरच्या सात पिढ्या काढल्या. निंबावरचे कावळे उडाले बाबा, आजून आले न्हाईत.”

तो बनूकडं वळला. बनू भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “व्हय. लई बोलल्या.”

मच्छिंद्र हसला. मग बराच वेळ टॉवेलानं तोंड पुसत राहिला. आक्का बाजेवरनं माझ्याकडं बघत होत्या, लांडग्याच्या वेळी बघायच्या तशाच.

चाकू मी उचलला नाही. उचलला की देणं संपतं; पडून होता तोवर आक्का मला देतच होत्या.

सकाळी बनूनं घर सारवायला घेतलं. बाजेशी आली आणि तिचा हात थांबला. एकदा आक्कांकडं बघितलं, एकदा दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं. मग चाकूच्या कडेकडेनं बोटं फिरवत, तेवढी जागा कोरडी ठेवून, ती पुढं सरकली.