प्रमुख नसलेले काजवे

संजीवनीने एक डबा उचलला, झटकला आणि पुन्हा टेबलावर आपटला. काही फरक नाही. सगळ्या डब्यांवरचे दिवे लुकलुकत होते खरे, पण ज्याचा त्याचा कारभार वेगळा.

समोर परीक्षक अनुपमा मॅडम उभ्या. निवड झाली तर थेट बुलढाण्याचं जिल्हा विज्ञान प्रदर्शन, आणि आपण जाणारच, असं संजीवनीने अख्ख्या धामणगाव बढेत आधीच सांगून ठेवलेलं. तिने घसा साफ केला. झाडावरचे काजवे शेजाऱ्याकडे बघून एका तालात चमकतात, तसेच हे डबे. प्रत्येकाला उजेड ओळखणारा एक डोळा आहे, शेजारचा चमकला की हा आपली वेळ जराशी सरकवतो. मोठ्या नेटवर्कमधले कॉम्प्युटरही असेच, कोणी हुकूम न देता, एका वेळेवर येऊ शकतात. सगळं धडाधड सांगून झालं. डबे मात्र वरातीत नाचावं तसे, मनाला येईल तसे चमकत होते.

शेजारी तिच्या गटातला ऋत्विक स्वतःच्या डोळ्यात बोट घालत होता. प्रमुख मी आहे, मॅडमसमोर तू तोंड उघडायचं नाही, असं तिने त्याला सकाळीच बजावलं होतं. तो बिचारा उघडत नव्हता. डोळा दाखवायचा, मग डब्याकडे बोट करायचा. तिला वाटलं, चिलट गेलं असेल.

काहीच सुचेना, तेव्हा कुठे तिने त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. घरून निघताना अन्नपूर्णा आत्याने डब्यांची पूजा केली होती. प्रत्येक डब्याच्या डोळ्यावर, बरोबर मधोमध, कुंकवाचं ठसठशीत बोट.

आता पुसायचं कसं? आत्या पहिल्याच रांगेत, कौतुकाने बघत बसलेली.

“आत्या,” ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, “यायले दिसून नाही राह्यलं वं.”

आत्या उठली. पदराचं टोक ओलं करून तिने एकेका डब्याचा डोळा लेकराचा पुसावा तसा पुसला, आणि बोटाला लागलेलं कुंकू जरा वर टेकवलं.

“मले वाटलं ते कपाळ हाये,” ती म्हणाली.

दिवे आधी अडखळले. मग दोन जुळले, त्यांचं पाहून आणखी दोन, आणि बघता बघता सगळं टेबल एकदम उजळू-विझू लागलं.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “गटप्रमुख कोण?”

हे उत्तर संजीवनीने आरशासमोर पाठ केलं होतं. तिने ऋत्विककडे पाहिलं. त्याचा डोळा लालबुंद झाला होता. टेबलावरच्या पाटीवर ‘प्रमुख’ हा शब्द तिनेच रंगीत स्केचपेनने मोठ्ठा काढला होता. त्यावर तिने हळूच तळहात ठेवला.

“बोल बे आता,” ती त्याला म्हणाली.