ब्लॅकआउटमधला मोर

युद्धाच्या काळात कलेचं रक्षण करणं हे कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्राचं पहिलं कर्तव्य असतं. एकाहत्तरच्या डिसेंबरात, जबलपुरात घमापुरच्या पुढे कारखान्याच्या क्वार्टरांत, ते बजावायला एकही माणूस पुढे आला नाही. कारण कला म्हणजे सुनेत्रावहिनींच्या खिडकीवरचा मोर होता, आणि तो अंधारात चमकतो असं आमच्या वॉर्डन विष्णुपंतांचं म्हणणं होतं.

हुकूम साधा होता: खिडकीची प्रत्येक काच काळी करा. आम्ही सगळ्यांनी काळा ऑइल पेंट आणला, तो संपल्यावर काजळी खळीत कालवली, आणि देशाचं काम म्हणून काचा लिंपल्या. सुनेत्रा देवतळे यांना मात्र कोरी काच सहन होत नसे. क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायकांना त्या दुपारी उशांच्या खोळी रंगवायला शिकवत. त्यांच्या घरात लोणच्याच्या बरणीवर गुलाब होते, माठावर वेल होती, सुपावर सरस्वती होती. पुंडलिक त्यांचा नवरा, कारखान्यात फिटर. तो घरात फार वेळ एका जागी बसत नाही, असं लोक म्हणत.

वहिनींनी काच काळी केली, पण मधे मोराएवढी जागा सोडून. तिथे पिसाऱ्याचे डोळे निळ्या-हिरव्या पारदर्शक रंगात भरले आणि मागून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी चुरगाळून मैद्याच्या खळीनं चिकटवली. रंग पन्नीवर झळकतो आणि पन्नीतून उजेड बाहेर जात नाही. यात शास्त्रदृष्ट्या काही चूक नव्हती. मोराचं तोंडही त्यांनी रस्त्याकडे ठेवलं होतं. घरातल्यांनी काय, बरणी बघितली तरी चालते.

पुंडलिक सिगारेट ओढत नसे. म्हणून तो कारखाना सुटल्यावर गेटबाहेर वाकून वाकून रिकामी पाकिटं गोळा करी. गेटवरचा पहारेकरी ते रोज बघत होता.

या सगळ्या शास्त्रात झुरळांचा विचार केलेला नव्हता. झुरळांना मैद्याची खळ आवडते. चार-पाच दिवसांत पिसाऱ्यामागची पन्नी सुटून खाली लोंबायला लागली, आणि एका संध्याकाळी वहिनींनी भाजी निवडायला दिवा लावला तेव्हा रस्त्यावरून शिटी वाजली.

विष्णुपंत रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन मुलाच्या क्वार्टरात राहायला आले, तेव्हा शिटी सोबत आणली. युद्ध सुरू झाल्यावर ते आमचे ब्लॅकआउटचे वॉर्डन झाले. त्यांच्या धाकानं लाइनीतली माणसं अंधार पडला की बटणाला हातच लावत नसत. चाचपडत जेवत आणि झोपत.

"पुंडलिक! बाहेर ये आधी."

"काय झालं काकाजी?"

"हे काय चमकून राहिलं? हिरवं, निळं, हिरवं, निळं. वरून विमानातून पाहिलं तर काय दिसल?"

"मोर दिसल ना जी," वहिनी आतून म्हणाल्या.

"दुश्मनाला मोर नाही दिसत बाई, खूण दिसते!" पंतांनी आवाज खाली आणला. "आणि तू गेटपाशी पन्नी काहून वेचून राहिला होता रे? मला सगळं समजलं आहे."

 पुंडलिकनं बायकोच्या मोरासाठी म्हणून सांगावं, तर ते खोटं वाटण्याइतकं खरं होतं.

हे हसण्यावारी नेण्याचे दिवस नव्हते. आदल्याच आठवड्यात मशीन शॉपच्या एकाला गेटवर धरलं होतं. त्याच्या डब्याच्या पिशवीत नकाशा सापडला. तो बायकोचा ब्लाउज बेतायचा कागद आहे हे सिद्ध व्हायला तीन दिवस गेले, आणि तोवर त्याचं क्वार्टर दुसऱ्याला मिळालं होतं. त्याचं सामान अजून मेव्हण्याच्या अंगणात पडलं होतं.

पंतांनी उरलेल्या पन्नीचं पुडकं ताब्यात घेतलं. काचेच्या कोपऱ्यावर सहीची चिठ्ठी चिकटवली. "उद्या अंधार पडल्यावर सिक्युरिटीचे साहेब येतील. तोपर्यंत रंग नाही, कागद नाही, गोधडी नाही. हात लावला तर तू पुरावा मिटवला म्हणून मी लिहीन."

"आणि उजेड दिसला तर?" पुंडलिकनं विचारलं.

"तर मग साहेब बघतील तुझ्याकडे," पंत म्हणाले.

त्या रात्री शेजारच्या भिंतीतून आम्हाला सगळं ऐकू आलं. ऐकायची इच्छा नव्हती. भिंत तशी होती.

"एक कमळ काढलं असतं साधं, पूर्ण काळ्यावर पांढरं," पुंडलिक म्हणत होता. "कमळातून उजेड येत नाही."

"कमळ सगळेच काढतात."

"सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत, सुनेत्रा."

 मग वहिनी म्हणाल्या, "खरवडून टाकू का?" आणि हे विचारताना त्यांचा आवाज असा होता, की पुंडलिकच म्हणाला, "त्यानं चिठ्ठी लावून ठेवली आहे ना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी लाइन अंधारात रस्त्यावर उभी होती. थंडी आहे, घरी जातो, असं कोणी म्हणत नव्हतं. पंतांनी पक्की व्यवस्था केली होती: आत कोणी काही झाकू नये म्हणून स्वतःच्या बायकोला, भानुमतीकाकूंना, देवतळ्यांच्या खोलीत बसवलं होतं. काकू कडक बाई होत्या. वहिनींकडे त्या खोळ रंगवायला शिकत असत आणि त्यांचा हंस महिनाभर मानेवर अडला होता.

सिक्युरिटीचे त्रिपाठी साहेब जीपमधून उतरले. जीपच्या दिव्यांनाही काळं फासलेलं होतं, त्यामुळे ते गटारात पाय घालूनच उतरले. आम्ही हसलो नाही.

"कौन सा मकान?"

"ये वाला सर. और ये पन्नी." पंतांनी पुडकं पुढे केलं. "गेट के बाहर से जमा करता था."

साहेबांनी पुडकं हातात घेतलं, तोललं, आणि विचारलं, "कितने दिन से?"

"देखनेवाले बोलते हैं, बहुत दिन से."

पुंडलिक दाराच्या आत उभा होता. त्याचा श्वास आम्हाला बाहेर ऐकू येत होता, किंवा तो आमचाच असेल. पंतांनी दार लावून घ्यायला सांगितलं. आत आता पुंडलिक, वहिनी आणि भानुमतीकाकू.

"बत्ती जलाइए!" साहेब ओरडले.

खिडकीकडे सगळ्यांची तोंडं. बटण खट् वाजलं. एवढं शांत होतं की ते रस्त्यावर स्पष्ट आलं.

काहीच दिसलं नाही.

साहेब दोन पावलं पुढे गेले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग खाली बसून, विमानाची बाजू वर असते हे विसरून, खालून पाहिलं. मोर तर सोडाच, खिडकीही दिसत नव्हती.

"जली कि नहीं?"

"जला दी साहब," पुंडलिकचा आवाज आला. तो आवाज त्याचा वाटत नव्हता.

पंत अस्वस्थ झाले. "अगं ए! बटण दाबलं का यांनी? तू पाहिलं?"

आत जरा थांबण्यासारखं झालं. मग भानुमतीकाकू म्हणाल्या, "दाबलं ना! माझ्यासमोर दाबलं. काहून ओरडून राहिले?"

"काही झाकलं तर नाही?"

"काही नाही झाकलं. थंडीत उभे नका राहू, खोकला होईल तुम्हाला."

साहेबांनी पन्नीचं पुडकं पंतांच्याच हातात परत दिलं. "गार्ड साहब, इतना पक्का ब्लैकआउट मैंने पूरे जबलपुर में नहीं देखा। और आप इसकी शिकायत कर रहे हैं?" मग दाराकडे वळून, "किसने बनाया?"

"मिसेस ने," आतून पुंडलिक म्हणाला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं हे कबूल केलं.

"शाबास. बाकी क्वार्टरों में भी यही लगवाइए। वॉर्डन साहब देख लेंगे।"

पुढच्या आठवड्यात लाइनीतल्या सगळ्या खिडक्यांवर मोर आले. पन्नी गोळा करायची जबाबदारी विष्णुपंतांवर होती. ते गेटबाहेर वाकत, तेव्हा पहारेकरी सलाम करी. भानुमतीकाकूंनी स्वतःच्या खिडकीवर हंस काढायला घेतला आणि या खेपेला मान जमली. मोरांची पाहणी पुन्हा व्हायच्या आत युद्ध संपलं.

साहेब पाहणीला आले त्या संध्याकाळी आमच्या लाइनीत दुपारपासून वीजच नव्हती.