सहाचा गिझर

वीजवाटपावरच्या संशोधनासाठी चार विद्यापीठांनी मिळून दोनशे घरांत स्मार्ट मीटर बसवले, तेव्हा मीटरचे आकडे सांभाळणाऱ्या तिने यादीत अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, घरही घुसडलं. रोज सकाळी सहाला त्यांचा गिझर लागला की तिच्या स्क्रीनवरची वीजवापराची रेषा उसळायची. अप्पा ठणठणीत आहेत, असं म्हणून ती कामाला लागायची. फोन करणं तिने केव्हाच सोडलं होतं. फोनवर ते अर्धा अर्धा तास डोकं खायचे. रेषा बिचारी काही मागत नव्हती.

गुरुवारी शेजारणीचा फोन आला. सोमवारी अप्पांच्या घरची वीज गेली, फ्यूज बघायला ते अंधारात जिना उतरले आणि पडले. आज दार फोडलं, तर सगळं संपलेलं.

"पण काल सहाला गिझर लागला होता," ती म्हणाली.

"सोमवारपासून त्यांच्या घरात वीजच नाही," शेजारीण म्हणाली. मग तिचं तिलाच आठवलं. मीटर मुका झाला, तर घराच्या जुन्या सवयीवरून आकडे भरून काढणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. चारही विद्यापीठांनी तो नावाजला होता.

सगळं उरकून ती पुढच्या सोमवारी ऑफिसात आली. अप्पांचं पाणी आजही बरोबर सहाला तापलं होतं.