बस्त्याच्या दुकानातला आरसा

मी एक जुना आरसा आहे, आणि मित्रांनो, सत्य सांगण्यासाठीच माझा जन्म झाला आहे. सारं जग भीड धरेल, आरसा धरणार नाही. एवढंच, की आमचे दुकानदार आप्पासो यांनी मला खालून थोडं पुढे काढून टांगलं आहे. त्यामुळे माझ्यापुढचं माणूस जरा उंच आणि बरंच बारीक दिसतं. कापडाच्या धंद्यात तेवढं चालतं.

माझी काच सांगलीची, चौकट सागवानी. वाकळांत गुंडाळून टेम्पोने मी कुंडल गावी आलो, तो थेट आप्पासोंच्या दुकानात. तेव्हा लग्न ठरलं की सगळं घर आणि पाहुणे दुकानात यायचे आणि दिवसभर गादीवर बसून साऱ्यांची कापडं काढायचे. यालाच बस्ता म्हणतात. शालूला हळदकुंकू लागायचं, चहा व्हायचा, एखादी चुलती रुसायची. तिची समजूत भारी साडीने निघायची, म्हणून मग दुसरी रुसायची. सुट्टीवर आलेले जवानही यायचे. आईचा रंग आपल्यासारखाच, असं म्हणत ते लुगड्याचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून बघायचे. मिशीखाली तो पदर छान दिसायचा. मी कधी हसलो नाही.

पुढे फोन आले. आता लोक साडी अंगाला लावून माझ्यापुढे फोटो काढतात आणि तीच साडी फोनवर शोधत पायऱ्या उतरतात. माझ्यावर धूळ बसू लागली.

अशात गावातल्या, कधीच न हसणाऱ्या उदयसिंहांच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नोकरीला, रजा नाही. तिने सगळा बस्ता फोनवरून मागवला. कुणी रुसायला नको म्हणून मानाच्या साड्या एकसारख्या घेतल्या. साहजिकच सगळ्याच रुसल्या. पण थोरली आत्या लीलाबाई, जिने या आईविना पोरीला वाढवलं, तिने आपण लग्नालाच येणार नाही असं कळवलं. बस्ता दुकानात बांधतात, खोक्यात येत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

मग राजनंदिनी कशीबशी रजा मिळवून आली आणि आत्याला व सगळ्या खोक्यांना घेऊन आमच्या दुकानात बसली. परक्याची साडी आपल्या गादीवर पसरताना आप्पासोंचा जो चेहरा झाला, तो मी कुणाला दाखवणार नाही. त्यांनी चहा मात्र सांगितला.

पोरगी शालू लावून माझ्यापुढे उभी राहिली.

"ह्यो कांद्याच्या सालीचा रंग हाय," लीलाबाई म्हणाली.

"फोनात डाळिंबी होता गं, आत्या."

"फोनात तुजा बापबी हसतोय."

पोरगी हसली नाही. माझ्यात बघतच म्हणाली, "तू नसलीस तर मला शालू नेसवणार कोण?"

लीलाबाई बराच वेळ निऱ्या चाचपत राहिली. "मला साडी नकू व्हती, बाय. इचारायचं व्हतंस."

"मग आता विचारते. कुठला घेऊ?"

आत्याचा रुसवा गेला आणि आप्पासोंची दुपार गेली. प्रत्येक शालू पोरीच्या खांद्यावर पडला. हा भडक, तो मळखाऊ, याचा काठ बारका. गादीवर ढीग झाला. शेवटी लीलाबाईने खोक्यातलाच शालू उचलला, स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "ह्योच बरा हाय."

आप्पासोंचा फक्त एक फॉल खपला.

मित्रांनो, खरेदी कुठूनही करा. पण आपल्या माणसाला सोबत घेऊन एकदा दुकानात या, गादीवर बसा, भांडा, कापड हाताने चाचपून बघा. माझ्यासारख्याला विसरू नका. आणि शालूला शोभते का बघायला दुसरी टिकली लावलीत, तर कपाळावरची जुनी टिकली माझ्या काचेवर चिकटवून जाऊ नका. त्या दुपारची लीलाबाईची टिकली अजून इथेच आहे, आणि ती सगळ्या गिऱ्हाइकांच्या बरोबर नाकावर येते.