सुयांना हात लाव

या सगळ्या खटाटोपातून वायरमनला मिळणार होतं ते एवढंच: बायकोच्या तोंडून एक "वा!" बायको रफू करायची. फाटक्या कोटाचा धागा न् धागा जुळवणारी ही बाई कौतुकाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यायची. "बरंय"च्या पुढे गाडी कधी गेली नाही. म्हणून निवृत्तीनंतर हौसेने घेतलेल्या लेझर यंत्रावर तो तिच्यासाठी लाकडी डबा कोरत होता. झाकणावर तिचाच रोजचा दम: 'सुयांना हात लावू नये.'

यंत्राबरोबर नारिंगी चष्मा आला होता. तो घातला की लेझरचा निळा ठिपका गडप. "फसवलं लेकाच्यांनी," म्हणत त्याने तो बाजूला टाकला आणि उन्हातला काळा चष्मा चढवला. काळा तो काळा, त्याला काय धाड भरलीय!

'हात'पर्यंत कोरून झालं तशी वासाने बायको आत आली. "अहो, काय जाळताय?"

"बस समोर. आधी हा घाल." आपला काळा चष्मा त्याने तिच्या नाकावर ठेवला. तिचे डोळे म्हणजे तिचा जीव. बिनकामाचा नारिंगी त्याने स्वतःला घेतला.

"वा!" ती म्हणाली. "काय लख्ख ठिपका हो! डोळ्यांत घुसतोय नुसता."

"वा" कानात शिरलं आणि पाठोपाठ "घुसतोय"ही. त्याला काहीच दिसत नव्हतं, तिला सगळं. मग धड चष्मा कुणाच्या नाकावर होता? त्याने प्लगच उपटला.

"ऊठ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"अहो, मला छान दिसतंय!"

"तीच तर भानगड आहे!"

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. "थोडक्यात वाचलात. ठिपका गडप करतो तोच खरा चष्मा. काळ्याने नुसती ऐट होते."

थेंबांमुळे संध्याकाळपर्यंत तिला जवळचं धूसर. आणि दुपारी गिऱ्हाईक कोपराला फाटलेला कोट न्यायला येणार! ती डबा चाचपत बसली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरलं आणि 'लाव'पाशी थांबलं. पुढे लाकूड कोरंच. ती खुदकन हसली.

"लेखी परवानगीच घेतलीत की! या, धरा सुई."

"मी?"

"नाहीतर कोण? अहो, गाठ काय मारताय, वायर आहे का ती!"

जमाखर्च मांडला तर तिचे डोळे शाबूत, त्याच्या पदरात एक "वा", आणि भुर्दंड तेवढा त्या गिऱ्हाइकाच्या कोपराला.